बाबांच्या सेटमधले दोन दाणे

आमच्या घरी कुजबुज नाही. बाबांनी उभी हयात भिवंडीत लूम चालवले, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि एकदा ओरडायची सवय लागली की माणूस भाजीवाल्याशी पण तसंच बोलतो. बायको लग्न होऊन अंबाडीहून आमच्या कोनला आली, म्हणजे भिवंडीजवळच्या आमच्या गावाला, तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटत होतं की ह्या घरात सारखी भांडणंच चालतात. नवव्या दिवशी तीही ओरडायला लागली.

अशा घरात मला नाद लागला तो चांगल्या आवाजाचा. चांगला म्हणजे मोठा नव्हे हां. साफ आणि मऊ. जुने ॲम्प्लिफायर मिळवायचे, उघडायचे, दुरुस्त करायचे आणि मग समोर खुर्ची टाकून तासभर नुसतं ऐकत बसायचं. हा माझा धंदा नाही, व्यसन आहे. पोटापाण्यासाठी मी इथल्याच पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. शटर, लाईट, फोर्कलिफ्टचे चार्जर असलं सगळं बघतो. रविवार मात्र माझा. रविवारी सकाळी मी घरापुढच्या ओट्यावर टेबल मांडतो, सोल्डरिंग आयर्न तापायला लावतो, आणि बायको आतून विचारते, "झाली का ओपीडी चालू?"

पेशंट येतात भंगारातून. आमच्याकडे भंगाराला तोटा नाही. देशभरातला माल ज्या गावात येऊन पडतो तिथे टाकाऊ मालही येणारच. एखाद्या भंगारवाल्याचा फोन येतो, "भाई, एक पेटी आयी है, काँटेवाली." काँटेवाली म्हणजे समोर काचेमागे दोन काटे असतात आणि गाणं लागलं की ते हलतात, तसली. मी ड्युटी संपवून तडक तिकडे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हे सेट, ॲल्युमिनियमचं जाड तोंड, बाजूला खरं लाकूड, आणि वजन असं की उचलल्यावर दोन दिवस कंबर बोलते. पण झाकण उघडलं की जीव सुखावतो. बनवणाऱ्यानं गृहीतच धरलंय की हे कधीतरी कुणीतरी उघडणार. स्क्रू आहेत, चिकटवाचिकटवी नाही. कितीतरी सेटांत झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा लावलेला असतो, कोणता भाग कुठे आणि केवढा, सगळं लिहिलेलं. आजचा स्पीकर उघडून बघा, आत तुम्हाला कुणी बोलावलेलंच नसतं.

भिवंडीतला सेट मी डोळे मिटून ओळखतो. एक तर आत रुई निघते. लूमच्या हवेत उडणारे कापसाचे बारीक तंतू वर्षानुवर्षं आत जाऊन ट्रान्सफॉर्मरवर करडी गोधडी पांघरतात. ती ब्रशनं झाडली की खाली दुसरी खूण सापडायची. व्हॉल्यूमच्या बटणाच्या मागे, त्याच्या पायांवर, दोन चपटे बिस्किटी रंगाचे कपॅसिटर. मसुराच्या दाण्याएवढे. नकाशात नसलेले, कुणीतरी बाहेरून डकवलेले. मी त्यांना दाणे म्हणायचो. हा दाणा काय करतो, तर गाण्यातले बारीक, टोकदार आवाज आडवाटेनं पुढे सोडतो. मग बाई गायला लागली की कानात सुई गेल्यासारखं वाटतं. ह्या भागातल्या चार-पाच सेटांत मला हे दाणे सापडले होते, आणि प्रत्येक वेळी मी त्या अनोळखी मेकॅनिकचा उद्धार केला होता. आमचा एक ग्रुप आहे फोनवर, असल्याच येड्यांचा, पुण्या-नाशिकपर्यंतचे लोक आहेत. तिथे मी फोटो टाकला होता, "बघा आमच्या भिवंडीचं संशोधन!" लोक दोन दिवस हसत होते. मीही हसलो. दाणे काढायचे, नकाशाप्रमाणे सगळं मूळ पदावर आणायचं आणि वर मिशीला पीळ द्यायचा, असा माझा खाक्या.

आता बाबांच्या सेटबद्दल.

बाबांच्या शेठच्या घरी नवीन सेट आला, तेव्हा जुना बाबांनी मागून घेतला. सायकलच्या कॅरिअरवर, मांजरपाटाच्या तागाभर कापडात गुंडाळून, भिवंडीहून कोनपर्यंत चालत आणला. सायकलवर बसले नाहीत, सेट पडेल म्हणून. ॲम्प्लिफायर, कॅसेटचा डेक आणि स्पीकरचे दोन मोठे खोके. तेव्हापासून शिफ्ट संपवून आले, आंघोळ झाली, की बाबा त्याच्यासमोर. आई चुलीपाशी भाकऱ्या थापायची आणि बाबा कॅसेटमधल्या बाईबरोबर गायचे. बरोबर म्हणजे काय, अर्धा शब्द पुढेच. बाईनं तोंड उघडायच्या आत ह्यांचं सुरू. आई म्हणायची, "तिला तरी गाऊ द्या."

मला तो सेट अजिबात सोसायचा नाही. आवाज असा कर्कश की कानठळ्या बसाव्यात. अभ्यासाला बसलो की डोकं उठायचं. मी ओरडायचो, बाबा आवाज कमी करा, ते करायचे, आणि पाच मिनिटांनी परत तेच. चांगला आवाज म्हणजे काय हे मला त्या सेटनं उलट्या बाजूनं शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही. एका मित्राच्या काकांकडे पहिल्यांदा नीट लावलेला ॲम्प्लिफायर ऐकला तेव्हा मला कळलं की गाणं टोचत नाही, गाणं बसतं. तिथून नाद लागला.

आमचं एक जुनं दुखणंही सांगून टाकतो. बारावीत मी गोते खाल्ले आणि बाबांना म्हटलं, मला तुमच्या लूमच्या शेडमध्ये लावा. तिथे बाबांचा दरारा होता. चोवीस लूम एकदम धडधडत असताना हा माणूस दारात उभा राहून सांगायचा, सात नंबरचा धोटा अडखळतोय, जाऊन बघा. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन लूममध्ये इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. बघितलं की तसंच निघायचं. ते शिकावं असं मला फार वाटत होतं. बाबा माझ्यावर असे उखडले की विचारू नका. "शेडच्या दारात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन." कारण? कारण काही नाही. आयटीआयचा फॉर्म आणून हातात दिला. मी वर्षभर धुमसत होतो. मला वाटलं, ह्यांना मी लायक वाटत नाही. पुढे कामाला लागलो, लग्न झालं, पोरगी झाली, पण ते कुठेतरी आत राहिलंच.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्याच वर्षी बाबांचा सेटही गेला, आतून धूर निघाला आणि काटे पडले. बाबांनी कॅसेटचा खोका कपाटावर ठेवला आणि ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायला लागले. कल्याण-भिवंडी रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे? ट्रेलर. एक गेला की दुसरा. जेवायला हाक मारली की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे. कानाचं मशीन आणून दिलं, ते आठ दिवस लावलं आणि नेलकटरच्या डब्यात टाकलं. म्हणाले, चमचा पडला तरी बॉम्ब फुटतो.

आणि मी, जगाचे सेट दुरुस्त करणारा, घरातल्या सेटला चार वर्षं हात लावला नाही. वेळ नाही म्हणायचो. खरं सांगायचं तर ती कर्कशा परत घरात बोलायला नको होती. शेवटी बायकोनंच झापलं. "बाबा दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत. तुमच्या त्या डब्यांवर हात फिरवता तेवढा त्यांच्या सेटवर फिरवलात तर काय झिजेल?" मला लागलं ते. म्हटलं, ह्या दसऱ्याला बाबा परत सेटसमोर बसून गायला पाहिजेत. बस्स. दुसरं काही नको.

पाच रविवार घातले त्याच्यावर. आतून ओंजळभर रुई काढली. फुगलेले कपॅसिटर बदलले, जळलेले दोन ट्रान्झिस्टर बदलले, काट्यांमागचे दिवे बसवले. बटणं साबणाच्या पाण्यात टाकली, तेव्हा पस्तीस वर्षांचं बोटांचं तेल पाण्यावर आलं. लाकडाला पॉलिश केलं. आणि अर्थात, व्हॉल्यूमच्या मागे ते दोन दाणे होतेच. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, आयला, म्हणजे हेच होय माझ्या बालपणाचे वैरी! काढले, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले. काढलेला कुठलाही भाग मी फेकत नाही. प्रत्येक सेटचा वेगळा डबा असतो. मग सेट लावला, आणि खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. ज्या पेटीनं मला एवढं छळलं तिच्यात एवढा गोड आवाज होता. मऊ, भरदार, कुठे काटा नाही. पोरगी पण कानातले इअरफोन काढून येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, हा तर भारीच आहे."

दसऱ्याला बाबा दरवर्षी पूजा करतात. शेड सोडताना एक धोटा घरी आणला होता, लाकडी, टोकाला पितळ, तो पाटावर ठेवतात. शेजारी माझे पक्कड-टेस्टर, बायकोचं शिलाई मशीन, पोरीचा लॅपटॉप. ह्या वर्षी मी सेट आणून मध्ये ठेवला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झेंडूची दोन फुलं उचलून दोन काट्यांच्या वर ठेवली. मी आईच्या आवडीची कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

बाई गायला लागली. आम्ही तिघं बाबांच्या तोंडाकडे बघतोय. ओठ हलले नाहीत. बाबा थोडे पुढे वाकले, मान कलती केली, परत मागे टेकले. एक गाणं झालं, दुसरं झालं. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरा हाय." आणि ओट्यावर जाऊन बसले.

बरा हाय! पाच रविवार, आणि बरा हाय!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाचा दिवस म्हणून भांडलो नाही, पण श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उठलो. वाटलं, उद्या लावतील. उद्या नाही, परवा नाही. आठवडा गेला. सेटवरची झेंडूची फुलं सुकून गेली तरी कुणी बटणाला हात लावला नाही. एका संध्याकाळी मी जाऊन ओरडलोच, "बाबा, सेट का लावत नाही? आवाज कमी वाटतो का? वाढवा ना!" स्वतः जाऊन वाढवला, खिडक्या थरथरेपर्यंत. बाबा म्हणाले, "मोठा झाला रे. साफ न्हाय झाला."

साफ नाही! मला! चार जिल्ह्यांतले लोक मला फोन करतात ते साफ आवाजासाठी! मी बंद केला आणि बायकोपाशी येऊन जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश एवढाच की ह्या माणसाला माझं काही म्हणजे काही पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "ते मला सांगत होते, बाई गाते पण काय गाते ते कळत नाही. नुसतं आऽ ऊऽ ऐकू येतं."

"मग कान तपासा म्हणावं!"

"तेच तर म्हणते," ती म्हणाली, आणि परत मेथीकडे वळली.

पुढच्या आठवड्यात गोडाऊनमध्ये आमची तपासणी होती. वर्षातून एकदा एक गाडी येते, डोळे, रक्त, छाती सगळं बघतात. ह्या खेपेला कानाचीही होती. एका खोक्यासारख्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, आणि शिट्ट्या वाजतात. ऐकू आली की बटण दाबायचं. मला तर मजाच आली. माझ्यानंतर आमचा वॉचमन गेला. म्हातारा यूपीचा, जुना लूमवाला, शेड बंद पडली तेव्हा वॉचमन झालेला. बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मॅडमनी त्याला कागद दाखवला आणि विचारलं, "चाचा, सुनाई देता है बराबर?"

चाचा म्हणाला, "मैडम, सुनाई तो देता है. समझ में नहीं आता."

मी सहज वाकून त्याचा कागद बघितला, आणि जागच्या जागी थिजलो. असला आलेख मी ॲम्प्लिफायरचा दर रविवारी बघतो. डावीकडे जड आवाज, उजवीकडे बारीक. चाचाची रेघ डावीकडून निम्म्यापर्यंत सरळ, ठीकठाक येत होती, आणि मग उजवीकडे धाडकन खाली. मॅडम समजावत होत्या की लूमवाल्यांचं असंच होतं, वरचे बारीक आवाज जातात. बोलण्यातले स, श, त, च हे तिथेच असतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आवाज वाढवून उपयोग नसतो, नुसता गोंगाट वाढतो.

मोठा झाला रे. साफ न्हाय झाला.

चाचाची रेघ जिथे खाली पडत होती, बरोबर तिथेच ते दोन दाणे आवाज वर उचलायचे. मी मनातल्या मनात एक रेघ दुसरीवर ठेवली, आणि दोन्ही मिळून सरळ झाली. शरम वाटली हो. आयुष्यभर ट्रेबल आणि बास, ट्रेबल आणि बास करत फिरलो. बाबांना कमी ऐकू येतं हे आमच्याकडे कोंबड्यांनाही ठाऊक होतं. काय कमी ऐकू येतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

मी अर्धी सुट्टी टाकली आणि घरी आलो. माळ्यावरून श्रीखंडाचा डबा काढला. दाणे होते, देवाची कृपा. ओट्यावरच टेबल मांडलं, सेट उघडला. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. मी चिमट्यात एक दाणा धरून त्यांच्यासमोर नाचवला आणि ओरडलो, "हे कुणी लावलं होतं?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, तो मेकॅनिक होता ना, खाडीपारला! शेडमधल्या सगळ्यांचे सेट तोच बघायचा. त्याला सांगितला, गाण्यातला शबुद कळत न्हाय. त्यानं दोन दाणे लावले. लूमवाल्याचा सेट हाय म्हटला की इचारायचा पन न्हाय, लावूनच द्यायचा."

त्यांनीही दाणेच म्हटलं. आणि मी? चार-पाच सेटांतून त्या माणसाची मेहनत उपटून काढली होती, वर फोटो टाकून लोकांना हसवलं होतं. नकाशा वाचता येतो म्हणून मी शहाणा. त्यानं माणूस वाचला होता.

"मग मी काढले तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू येवढा खपलास," बाबा म्हणाले. "कशाला बोलायचा?"

मी मान खाली घालून सोल्डरिंग केलं. झाकण लावायलाही थांबलो नाही. सेट आत नेला, तीच कॅसेट घातली, आणि लावला.

अरे देवा! तोच तो आवाज. कर्कश, टोकदार, माझ्या सगळ्या लहानपणासकट. पोरगी आतून किंचाळली, "पप्पा, हे काय केलंत?" आणि धाडकन दार लावलं. बायको कानावर हात ठेवून स्वयंपाकघरातून डोकावली. आणि बाबा? बाबा पुढे वाकले. पहिल्या ओळीला नुसते ओठ हलले. दुसऱ्या ओळीला आवाज आला, बसलेला, चार वर्षं न वापरलेला. तिसऱ्या ओळीला ते बाईच्या अर्धा शब्द पुढे होते.

बायकोनं कानावरचे हात काढले. पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली.

मला तिथून हलायचं नव्हतं, पण कानात सुया जात होत्या. देवघरातल्या वातीच्या कापसाचे दोन बोळे केले आणि घातले दोन्ही कानांत. बरं वाटलं. बाबांच्या शेजारी जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि असे हसले की खांदे हलायला लागले.

"आमच्या शेठनं पन कापूस दिलेला," ते म्हणाले. "कानात घाला म्हणून. कुणी घातला न्हाय. कापूस घातला तर धोटा कसा ऐकायचा?"

हे मी ऐकलं नाही, बघितलं. कानात कापूस, वर बाई गातेय, ऐकू येणार कसं? पण लूमच्या घरात वाढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. शेडमध्ये सगळे तसंच बोलतात, आवाज न करता, तोंड नीट उघडून. बाबा आता तसंच बोलायला लागले, आवाज बंद करून, नुसते ओठ.

तपासणीचं बायकोनं त्यांना सांगितलं असणार. त्यांनी माझ्या कानाकडे बोट केलं आणि विचारलं, "तुझा काय निघाला?"

मीही तसंच, आवाज न करता म्हणालो, "चांगले आहेत. एकदम नॉर्मल."

बाबांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा की जणू सात नंबरचा धोटा सुरळीत चालायला लागलाय.

"म्हणून तर तुला शेडमधी येऊ दिला न्हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. कॅसेटची ती बाजू संपली तेव्हा त्यांनीच उठून ती उलटी केली.